टर्बोच्या तेलाबाबत, साडूबुवांना

प्रिय साडूबुवा,

दोन गल्ल्यांच्या अंतरावरून मी तुला पत्र लिहितोय म्हणजे माझं डोकं फिरलं असं तुला वाटेल. तुझी थोरली मेहुणी समोर बसून तेच म्हणतेय. फोन करा की, नाहीतर पायी जा, तेवढीच ढेरी कमी होईल, असा तिचा सल्ला आहे. मी तिला म्हटलं, फोनवर तो नुसता हं हं करतो आणि मागे कॉम्प्रेसर घुरघुरत असतो. आणि समोर आलो की तू माझ्या हातात चहाचा कप देतोस, मग मला जे बोलायचं असतं ते चहाबरोबर पोटात जातं. हे आजवर तीनदा झालंय. म्हणून या वेळी कागद घेतला.

परवा धाकटीकडून, म्हणजे तुझ्या बायकोकडून, कळलं की येत्या रविवारी कुणी लांबचा गॅरेजवाला तुझी गाड्या वर चढवायची लिफ्ट विकत घ्यायला म्हणून बघायला येतोय. ठरलं तर त्याच दिवशी उचलून नेईल. आणि यापुढे टर्बोच्या गाड्यांना तू हात लावणार नाहीस, फक्त ब्रेक, क्लच आणि पंक्चर. का, म्हणून तिने विचारलं तर म्हणालास म्हणे की आपला अंदाज आता भरवशाचा राहिला नाही. हे सांगताना ती रडली नाही, पण पोळपाट दोनदा धुतला. तेव्हापासून माझं दुकानात लक्ष नाही. काल एका गिऱ्हाइकाला मी त्याच्या बायकोचा चष्मा दिला, आणि त्याला त्यातून बरं दिसतंय म्हणून तो घेऊनही गेला.

तुझ्या अंदाजाबद्दल बोलायचा हक्क मला आहे, कारण त्याचा पहिला फायदा मीच उपटला. ती गाडी मी घेतली तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो. केस गेले आणि गाडी आली, असं माझी बायको अजून पाहुण्यांना सांगते. दोन लिटरचं इंजिन, त्यावर टर्बो, आणि पाय ठेवला की पाठ सीटला चिकटते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी राजा झालो. दुसऱ्या आठवड्यात तेल बदलायची वेळ आली आणि कळलं की राज्याला सल्लागार फार. टायरवाला म्हणाला, तापणारं इंजिन आहे, दाट तेल घाला. रंगारी म्हणाला, जेवढं दाट तेवढं चांगलं, मध बघा. माझ्या दुकानात डोळे तपासायला आलेला एक म्हातारा एका डोळ्यावर पुठ्ठा धरून मला शर्यतीच्या तेलाबद्दल सांगत होता. तुमच्या गॅरेजांच्या ओळीतल्या बाकीच्या चारही मेकॅनिकांचं तर त्यावर एकमत होतं, आणि त्यांचं एकमत व्हावं अशी दुसरी गोष्ट मी तरी पाहिलेली नाही.

तू मात्र त्यांच्यात पडला नाहीस. गाडीचं पुस्तक मागून घेतलंस आणि दोन दिवस गॅरेजच्या मागच्या खोलीत, त्या एका पायाने लंगड्या टेबलापाशी, पेन्सिल घेऊन वाचत बसलास. वीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस परीक्षेला बसल्यासारखा पुस्तक वाचतोय, हे बघून मला हसू आलं होतं. ओळीतले लोक तेव्हापासून तुला पुस्तक्या म्हणायला लागले. मीसुद्धा एकदोनदा म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तू मला बोलावून जे सांगितलंस ते मी अजून विसरलेलो नाही. तू म्हणालास, टर्बोचा दांडा बोटाएवढाही जाड नसतो आणि मिनिटाला दीड लाख फेरे मारतो. एका अंगाला धुराड्याची आग, दुसऱ्या अंगाला थंड हवा, आणि मधे त्याला धरून ठेवायला काय, तर तेलाचा पापुद्रा. तेल दाट असलं की गार इंजिन सुरू करताना ते वर पोचेपर्यंत दांडा कोरडा फिरतो. डब्यावर जो पहिला आकडा असतो तो तेल गारठ्यात किती चटकन वाहतं ते सांगतो, दुसरा आकडा तापल्यावर ते किती दाट राहतं ते. पण नुसते आकडे जुळले म्हणून तेल जुळलं असं नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला पळणारी गाडी आणि ज्वाळा छापलेल्या असतात, ती जाहिरात. मागे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की हे तेल कोणत्या कंपनीने कोणत्या इंजिनासाठी तपासून मान्य केलंय. ते मान्यतेचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी जुळले तरच ते आपलं तेल. दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावून पोट भरणारा मी, आणि तेलाच्या डब्याची मागची बाजू मला तू दाखवलीस.

मग तू पाच-तीसचं पूर्ण सिंथेटिक तेल निवडलंस. ओळीत हशा पिकला. एवढ्या ताकदीच्या गाडीत हा पाणी घालतोय, म्हणाले. तू त्यांच्याशी वाद घातला नाहीस. मला फक्त एवढं बजावलंस की जोरात चालवून आलं तर गाडी लगेच बंद करायची नाही, मिनिटभर चालू ठेवायची, नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. त्या मिनिटात मी दाराशी गाडीत बसून राहायचो आणि शेजाऱ्यांना वाटायचं की घरात भांडण झालंय.

तीन वर्षं गाडीने कुरकुर केली नाही. आणि माझ्या गाडीकडे बघून बाकीच्या यायला लागल्या. ती दातांची डॉक्टर तिची लाल गाडी घेऊन आली, ते दोन भाऊ आले ज्यांच्या इंजिनाचा खडखडाट कुणालाच सापडत नव्हता. प्रत्येकाचं पुस्तक तू वाचायचास, प्रत्येकासाठी वेगळं तेल, आणि एकालाही दुसऱ्याचं चालायचं नाही. जुन्या तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून तू तो उजेडात धरायचास, तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते मी माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात स्वतःच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही, आणि माझ्या दुकानात तर चहूकडे आरसे आहेत. मला तुझा हेवा वाटायचा. आज लिहितोय म्हणून लिहून टाकतो. मग तू लिफ्ट घेतलीस. पहिली गाडी माझीच वर चढवलीस आणि तिच्याखाली उभं राहून आपण दोघांनी चहा घेतला.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मला ते सांगायलाच हवं. सात महिन्यांपूर्वी मी घाटातून जाऊन आलो. परतल्यावर थोड्याच दिवसांत गाडी शिट्टी वाजवायला लागली, मग मागून निळा धूर. तू टर्बो खोलून काढलास. त्याला तेल पोचवणारी ती बारीक नळी आतून डांबरासारख्या काळ्या थराने बुजली होती, आणि दांडा इतका झिजला होता की हाताने हलत होता. तू नळी उभी चिरलीस आणि बराच वेळ बघत राहिलास. ओळीतले चौघेही दाराशी येऊन गेले. एक जण म्हणाला, पुस्तकात हे लिहिलं नव्हतं वाटतं. मग तू हात पुसलेस, माझ्यासमोर उभा राहिलास आणि म्हणालास, "भाऊजी, चूक माझी आहे. मी तेल पातळ निवडलं." माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणूस, पण त्या क्षणी माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. चूक कबूल करायला तुला अर्धा तासही लागला नाही.

तू नवा टर्बो बसवून दिलास आणि माझ्याकडून एक पैसा घेतला नाहीस. आणि मी काय केलं, तर पुढच्याच रविवारी तुमच्याकडे जेवायला बसलो असताना दोघी बहिणींच्या देखत म्हणालो, तरी सगळे सांगत होते, दाट घाल म्हणून. तू मान खाली घालून जेवत राहिलास. धाकटी उठून आत गेली ती पाणी आणायला गेली असं मी स्वतःला सांगितलं. त्यानंतर चिरलेली ती नळी तू कामाच्या टेबलाच्या वर भिंतीला टांगलीस, स्वतःला आठवण राहावी म्हणून. पुढच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरला तू दुसरीकडे पाठवलंस. दोघा भावांनाही पाठवलंस. तेल कोणतं घालू म्हणून तू टायरवाल्याला विचारलंस, असं टायरवाल्यानेच मला सांगितलं, आणि सांगताना तो खूश होता. तेव्हा मला फार वाईट वाटलं, पण मी हवा भरून घेऊन निघून आलो.

आता खरं सांगतो. अडीच महिन्यांपूर्वी आमच्या इमारतीचा जनरेटर दुरुस्त करायला माणूस आला. त्याने तेल मागितलं. ते जिन्याखालच्या खोलीत माझ्याच ताब्यात असतं. जनरेटरचं तेल त्या घाटाच्या फेरीआधीच बादलीत आलं होतं, तिला धड तोंड नाही, ओतताना निम्मं जमिनीवर सांडतं. तुझ्या तेलाचा एक रिकामा डबा माझ्याकडे होता, मजबूत, छान नरसाळ्यासारखं तोंड असलेला, आणि असला डबा टाकवत नाही हा आमच्या घराण्याचा रोग आहे. जनरेटरचं तेल मी त्यात भरून ठेवलं होतं. त्या माणसाला मी तोच डबा म्हणून काढून दिला. त्याने बोटावर थेंब घेतला, चोळला आणि म्हणाला, "साहेब, हे आपलं तेल नाही." तो डबा जवळजवळ भरलेला होता. म्हणजे ते तू मला वरून भरायला म्हणून दिलेलं तेल होतं, दुसऱ्या तशाच डब्यातलं. मग मी दुसरा डबा शोधला. तो गाडीच्या डिकीत सापडला, तळाशी थोडंसं उरलेला, आत दाट काळपट तेल. घाटात जायच्या दिवशी पहाटे इंजिनाच्या तेल मोजायच्या पट्टीवर तेल कमी दिसलं म्हणून मी जिन्याखालच्या अंधारातून तुझा समजून हाच डबा उचलला आणि लिटरभर ओतलं, येताना आणखी अर्धा. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात, मी जनरेटरचं टर्बोवर काढलं. घाटभर गाडी पिदडली आणि ते साधं, टर्बोचा ताप न सोसणारं तेल तुझ्या त्या बारीक नळीत जळून कोळसा झालं. अडीच महिने मला हे माहीत आहे. सांगायला तीनदा तुझ्याकडे आलो आणि तीनदा चहा पिऊन परत गेलो, कारण त्या जेवणाच्या वेळचे माझे शब्द मला गिळता येत नव्हते. मी भित्रा आहे, बाकी काही नाही. शनिवारी जेवायला येऊन दोघींसमोर सगळं सांगणार आहे, आणि त्याआधी तुमच्या ओळीत चौघांच्या दारात जाऊन. पण तुला आधी एकट्याला कळावं, रागवायचं तर कुणी बघायला नसताना रागवता यावं, म्हणून हे पत्र. टर्बो खोललास त्या दिवशी तू मला विचारलं होतंस की मध्ये तेल भरलं का आणि कोणतं. मी म्हणालो, तू दिलेलंच, तुझ्याच डब्यातलं. मी खरंच तसं समजत होतो. कुणी गिऱ्हाईक असतं तर तू म्हणाला असतास, डबा दाखवा. मी साडू, म्हणून तू मागितला नाहीस, आणि चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस. तो डबा या पत्रासोबत पाठवतोय, तळाच्या तेलासकट. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. कागदावर थेंब टाक, उजेडात धर आणि तुझं तूच बघ. रविवारी तो माणूस आला तर त्याला चहा पाजून परत पाठव. तेल तू बरोबर निवडलं होतंस.

तुझाच,
मोठा साडू