खिडकीजवळची खुर्ची

३ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी सोडून कारखान्यांचा स्वतंत्र सुरक्षा-सल्लागार झालो, त्याला चार महिने झाले. बारा ठिकाणी माहितीपत्रकं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. फोन लावतो, पण पलीकडून कोणी बोललं की ठेवून देतो. या महिन्यात काम मिळालं नाही, तर जुन्या साहेबांपुढे मान खाली घालून उभं राहणं आलं.

तू तीस वर्षं मोठ्या साहेबांची सेक्रेटरी होतीस. माणसाला आत कशामुळे सोडतात गं?

तुझा घाबरट,
धाकटा

८ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

असली पत्रकं मी तीस वर्षं उपयोगात आणली. माझं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली. सोळा गुळगुळीत पानं, वर हात मिळवणारी दोन माणसं, आणि आमच्या अडचणीबद्दल एक ओळ नाही! मी आत सोडलं ते आमच्या कामाबद्दल आधी प्रश्न विचारणाऱ्यांना. बारा जणांचा नाद सोड, एकाला धर. त्याच्याकडे काय बनतं, कसं बनतं, ते शोध. अर्ध्या पानाचं पत्र लिही, वीस मिनिटं माग. आणि फोन ठेवू नकोस. तारेतून कोणाला चावता येत नाही.

रागावते तरी तुझीच,
ताई

१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गाद्यांच्या कारखान्याने बोलावलं! मालक गोड बोलले. मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. तिथून शिवणखातं दिसतं. चाळीस बायका, भोवती छतापर्यंत फोम, आणि मागच्या दाराला साखळी घालून कुलूप. माल चोरीला जाऊ नये म्हणून असावं. मी ते पाहिलं, आणि स्वतःची माहिती सांगत राहिलो. पहिल्याच भेटीत खोट काढली तर काम जाईल असं वाटलं. विचार करून कळवतो म्हणालेत. तेव्हापासून ते कुलूप डोळ्यांसमोरून हलत नाही. काम पक्कं झालं की पहिलं तेच सांगेन. चालेल ना?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
धाकटा

२१ ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. तीनदा फोन केला; मालकांचा नकार असेल या धास्तीने तू उचलत नसशील. म्हणून हे कुरिअरने. आगीला सांगून ठेवलंयस का, माझं काम पक्कं होईपर्यंत थांब म्हणून? चूक माझीच. आत कसं शिरायचं ते शिकवलं. आत गेल्यावर काय करायचं ते तुला ठाऊक असेल, असं धरून चालले. वाचल्याबरोबर ऊठ आणि कारखाना गाठ. फीचं नाव काढू नकोस. कुलूप निघेपर्यंत हलू नकोस.

ताई

२४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. मालक लालबुंद झाले. तुम्हाला विचारलंय कोणी, म्हणाले. कोणीच नाही, फुकट सांगतोय, पण कुलूप निघाल्याशिवाय उठणार नाही, असं म्हणून त्याच खुर्चीत बसून राहिलो. दीड तासाने त्यांनी किल्ली मागवली. सापडेना. ताई, चाळीस बायका आत, आणि कारखानाभर किल्लीची शोधाशोध! तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. शेवटी साखळी करवतीने कापली. कामाचं कोणी काही बोललं नाही.

फाटकावरच्या वॉचमनने सांगितलं, माझ्याआधी चार सल्लागार त्याच खुर्चीत बसून गेले, कुलूप तसंच राहिलं.

घरी आलो तर फोन वाजत होता. उचलला. मालकच होते. आणखी दोन गोदामं आहेत, आणि तिथल्या किल्ल्या कोणाकडे आहेत ते त्यांना आठवत नाही. उद्या सकाळी याल का, असं विचारत होते. आवाज कापत होता त्यांचा.

तुझी बोलणी अशीच मिळत राहोत,
धाकटा