भिंतीतला दाब

बेंगळुरू,
१९ जुलै

प्रिय अक्का,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. फणसाचे पापड पोचले. चिन्नीला मावशीचे गोड पापे. तिकडे पाऊस फार आहे म्हणतात.

तुमच्या गावचे चंद्रय्या तिकडे निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. तुमच्या घरी फोन भावजीच उचलतात.

माझं काम तुला ठाऊक आहे. तुमच्या वरच्या धरणाच्या भिंतीत पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं आहेत, त्यांचे आकडे दाखवणारा प्रोग्राम आमचा. आम्ही लिहितो त्या भाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधीच ठरलेला असतो, आणि जे खासगी ठेवलंय ते बाहेरच्याला वाचता येत नाही. पण प्रोग्राम चालू असताना त्या गोष्टीलाच विचारता येतं, 'तुझ्यात काय काय आहे?' मग ती एकेक कप्पा उघडून नाव नि किंमत सांगते, खासगीसुद्धा. याला रिफ्लेक्शन म्हणतात. मी ते साध्या तपासणीसाठी लिहिलं होतं.

पडद्यावर दाब स्थिर होता. आतल्या खासगी कप्प्यात खरा दाब रोज चढत होता. त्याच्याच शेजारी, पडद्यावरचा आकडा कोणी गोठवला त्याचं नाव.

साहेबांना दाखवलं. "कडी लावलेल्या दारातून डोकावायला तुला सांगितलं कोणी?" म्हणाले. दुपारपर्यंत माझा पासवर्ड बंद. जिल्हा कचेरीला कळवलं. "बघतो," एवढंच.

मग भावजींना धरणाच्या ऑफिसात फोन केला. अक्का, ते नाव त्यांचं होतं.

"यंत्र बिघडलंय गं, उगाच उड्या मारतं."

"मग दुरुस्त का नाही केलंत?"

"वरून हुकूम आहे. आत्ता धरणाची दारं उघडली तर खालची शेतं जातील, बोंब होईल. पाऊस ओसरू दे." आणि मग हळूच, "अक्काला काही बोलली नाहीस ना?"

मी विचारलं, "यंत्रच बिघडलंय, तर तुमच्या अम्मांना शिमोग्याला का नेऊन ठेवलंत?"

"तिला पळता येत नाही," म्हणाले, आणि फोन ठेवला.

अक्का, हे वाचलंस की चिन्नीला घेऊन नीघ. पण एकटी निघू नकोस. खालच्या आळीत घरोघर सांग, ओरडून सांग. भावजींची अब्रू जाईल; जाऊ दे. माझ्यावर रागाव, हवं तेवढं रागाव, पण आधी डोंगर चढ.

उत्तर नको मला. तूच ये.

दाराकडे डोळे लावून बसलेली तुझी,
भार्गवी