पानं काढलेली बाग

प्रिय धाकटे,

लिफ्टमध्ये अडकलेल्या त्या आजोबांचा तू फोनवर सांगितलेला किस्सा आठवून मी अजून एकटीच हसते. तू घाम गाळून दार उघडलंस आणि ते तुझ्या हातातला पाना बघून विचारतात, "मेकॅनिक कुठाय?" धन्य आहेत! बाबा मात्र हसले नाहीत. पोरीच्या जातीनं विहिरीसारख्या भोकात कशाला उतरायचं, म्हणाले.

इथली तऱ्हा विचारू नकोस. सकाळचा चहा झाला की खिडक्या बंद, त्यांवर ओल्या चादरी, आणि आत आम्ही दोघं. पंखा नुसती गरम हवा ढवळतो. बाबांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पुन्हा वळवायचं. मधल्या वेळात पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन फळं निवडायची. तिथे तर भट्टीच. पण खरं सांगू, मला शेडच बरी वाटते. तिथे निदान कुणी हाक मारत नाही.

फळांचं काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. सफरचंदं भरत आली की त्यांच्याभोवतीची चार-दोन पानं आपण खुडतो, म्हणजे ऊन लागून लाली चढते. यंदा शेजारच्या बागेला आधी रंग आला आणि दादाचं डोकं फिरलं. त्यानं एका दमात झाडं पार उघडी केली. मी कानीकपाळी ओरडत होते, थोडी थोडी काढ, सावलीत वाढलेल्या फळाला उन्हाची सवय होऊ दे. माझं कोण ऐकतंय! आणि नेमकी त्याच आठवड्यात उन्हाची लाट आली. दुपारी फळाला हात लावला तर चटका बसायचा. मावळतीकडच्या बाजूवर आधी फिकट पिवळे डाग आले, मग ते तपकिरी, चामड्यासारखे झाले. त्यातली बरी दिसणारी वेचून शीतगृहात ठेवली, तर तिथे गारव्यात त्यांचेही डाग वर आले. एक चावून बघितलं. गर पिठूळ, आंबटपणा गेलेला, नुसतं मिळमिळीत. व्यापाऱ्यानं गाडी आली तशी परत पाठवली.

मग व्हायचं ते झालं. बाबा अंथरुणातून ओरडले, दादा दारातून ओरडला, आणि दुसऱ्या दिवशी दादा-वहिनी तिच्या माहेरी गेले. "थोडे दिवस" म्हणे. थोड्या दिवसांसाठी कुणी शिलाई मशीन घेऊन जातं का गं? वहिनीनं जाताना माझा हात घट्ट धरला आणि सोडला. मला तिचा इतका हेवा वाटला की दिवसभर जेवण गेलं नाही.

बाबा वाईट नाहीत. घाबरलेत. पडल्यापासून त्यांना बाग दिसलेली नाही, म्हणून मी रोज एक फळ नेऊन त्यांच्या हातात देते. ते अंगठ्यानं डाग चाचपत बसतात आणि म्हणतात, सूर्याचं काय जातंय, त्याला ना घर ना दार. कधी मला हसू येतं, कधी वाटतं ते फळ भिंतीवर फेकून मारावं. रोपवाटिकेतली ती नोकरी मी नाकारली तेव्हा वाटलं होतं, बाबा उभे राहिले की बघू. आता ते उभे राहणार नाहीत, हे डॉक्टरांनी मला सांगितलंय. बाबांना सांगायचंही माझ्यावरच टाकलंय.

आता मुद्द्याचं. शेडमध्ये खोका उपडा घालून हे लिहितेय, दूधवाल्याच्या हाती देईन. माझा फोन बिघडल्यापासून घरात बाबांचाच एक फोन आहे, आणि कमी ऐकू येतं म्हणून तो कायम स्पीकरवर. आत्या आणि काका रोज संध्याकाळी येऊन त्यांच्या उशाशी बसतात. त्यांचं ठरलंय, नोकरी सोडून तू कायमचं इकडे यायचं. रविवारी ते तुला फोन लावतील आणि शेवटी मला बोलायला लावतील. मी म्हणेन, ये गं, मला एकटीला झेपत नाही. रडेनही. ते रडणं खोटं नसेल, कारण मला खरंच झेपत नाही, आणि तू यावंस असं मला फार, फार वाटतं. तरी तू येऊ नकोस. माझ्या आवाजावर जाऊ नकोस, मी कितीही गयावया केली तरी नाहीच म्हण. मग मी चिडेन, तुला स्वार्थी म्हणेन, सगळ्यांदेखत फोन आपटेन. तेव्हा समज, पत्र पोचलं हे मला कळलं.

तुझीच,
ताई