स्टॉकहोमचं वाण

१८ जानेवारी, रविवार
व्हिटबीला मेव्हणी स्वप्नालीकडे हळदीकुंकू. साडू उन्मेष ऑफिसच्या कामाने आठवडाभर स्टॉकहोमला जाऊन आलाय, म्हणून तिळगुळाबरोबर टीव्हीवर फोटो आणि सूचना. याला कॅनडात येऊन तीन वर्षं झाली. समोर मी, इथले सतरा हिवाळे काढलेला. आणि थंडीबद्दल बोलणार तो!
सूचना अशा: कॉटन नको, लोकरीचे थर घाला. कॅश कोणी घेत नाही. छपरावरून बर्फाचे सुळे पडतात, भिंतीच्या कडेने चालू नका. घरात शिरताना बूट काढा. हे मराठी माणसाला स्वीडनने शिकवायचं? माझी बायको छाया मात्र सगळं फोनवर टिपून घेत होती. माझं बोलणं तिने कधी टिपून घेतलेलं आठवत नाही.
वाण काय, तर तिकडून आणलेले बुटांचे स्पाइक्स. रबरी पट्टा, खाली लोखंडी काटे. स्वप्नालीने छायाला एक जोड दिला आणि भाऊजींनाही असू दे म्हणून वर दुसरा. वाण बायकांना देतात, एवढंही कळू नये?
मला हेवा अजिबात वाटत नाही.

१९ जानेवारी, सकाळी
आजपासून उन्मेषचा विचार बंद.

१९ जानेवारी, दुपारी
उन्मेषने फॅमिली ग्रुपवर आणखी फोटो टाकले. छायाने प्रत्येकाला हार्ट दिलं. डिसेंबरात मी बर्फ उपसून साफ केलेल्या ड्राइव्हवेचा फोटो टाकला होता, त्याला नुसता अंगठा.

२३ जानेवारी, शुक्रवार
उन्मेष फेब्रुवारीत पुन्हा स्टॉकहोमला जाणार, या वेळी स्वप्नालीही. आम्हालाही बोलावलंय. छाया लगेच हो म्हणाली. मी नाही म्हणणार होतो. पण मग उन्मेष हिला शहर दाखवणार आणि ही वा वा करणार. त्यापेक्षा मीच दाखवीन. मी तिथे कधी गेलेलो नाही, पण त्याने काही अडत नाही.
निश्चय: रोज अर्धा तास स्टॉकहोमचा अभ्यास. शिवाय स्वीडिश.

२७ जानेवारी
स्वीडिशचा एक शब्द पाठ झाला. तिथे सगळे इंग्लिश बोलतात असं कळलं. अभ्यास पूर्ण.

१ फेब्रुवारी, रविवार
छायाने बॅगेत स्पाइक्स भरले. मी समजावलं, कॅनडाच्या माणसाने काटे लावून फिरणं शोभत नाही. ती म्हणाली, वाण नाकारू नये. शिवाय उन्मेष म्हणाला की जुन्या गल्ल्यांतले दगड फार निसरडे असतात. उन्मेष म्हणाला, उन्मेष म्हणाला. सकाळपासून हेच चाललंय. वॉटरलूहून अवंतिका फोनवर म्हणाली, डॅड, जस्ट टेक देम. पोटची पोरगीसुद्धा फितूर.

२ फेब्रुवारी
दोन्ही जोड बॅगेतून काढून बेसमेंटमध्ये गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवले. सप्टेंबरपर्यंत तिकडे कोणी फिरकत नाही. बॅग हलकी व्हावी एवढाच हेतू.
आणि दुसरं असं, की निसरड्या गल्लीत छायाने माझा हात धरावा. शेवटचा कधी धरला होता, आठवत नाही.

८ फेब्रुवारी
स्पाइक्स सापडेनात म्हणून छायाने घर पालथं घातलं. मीही शोधू लागलो. बेसमेंट मी बघतो म्हणालो. तिथे नव्हते.

११ फेब्रुवारी, सकाळी
उद्याची फ्लाइट. छायाला ड्राइव्हवेवर प्रात्यक्षिक देणार आहे. उन्मेषने बर्फावर चालायला शिकवलेली पेंग्विनसारखी चाल चुकीची आहे. छाती पुढे, पाऊल ठाम.

११ फेब्रुवारी, दुपारी, इमर्जन्सीत
पडलो नाही, बसलो. डावा घोटा मोडला. या वर्षी बर्फावर टाकायचं मीठच हलकं मिळतंय.

१२ फेब्रुवारी
छायाला मोठ्या मनाने म्हणालो, तू जा, माझं मी बघतो. अशा वेळी बायको नाही म्हणते. छायाने विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नक्की म्हणालो.
गेली. अवंतिका आलीय सोबतीला.

१४ फेब्रुवारी
फोटो आले. खिडकीत मेणबत्त्या, टेबलावर दालचिनीचे बन, छाया पोट धरून हसतेय. फोटो काढणारा कोण, हे उघड आहे. कोणत्या जोकवर हसत असेल?
लिहूनच टाकतो. हेवा वाटतो. भयंकर वाटतो.
मग तिथलं हवामान पाहिलं. आज पाऊस, उद्या फ्रीझ. ही त्या दगडांवरून चालणार आणि काटे आमच्या मखरात. जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, सकाळी
उन्मेषला आपणहून फोन केला. आजवर कधी केला नव्हता. सांगितलं, छायाला स्पाइक्स घेऊन दे. आणि दुकान सापडेपर्यंत तिचा हात धर. हे दुसरं वाक्य बाहेर पडायला फार वेळ लागला.
उन्मेष हसला नाही. म्हणाला, जनार्दनराव, काळजी करू नका, ताईंच्या पायात आहेत. ताईंनी निघायच्या आधीच स्वप्नालीला कळवलं होतं, जनार्दनने स्पाइक्स कुठेतरी दडवलेत, एक जोड घेऊन ठेव.
मी विचारलं, मग घरभर शोधत का होती? तो म्हणाला, तुम्ही सांगताय का, ते बघत होत्या.

१७ फेब्रुवारी
अवंतिकाने न विचारता मखराचं खोकं वर आणून ठेवलं. हिलाही माहीत होतं तर.
चांगल्या पायाच्या बुटाला स्पाइक लावला आणि कुबड्या घेऊन ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत जाऊन आलो. काम काही नव्हतं. एकदाही घसरलो नाही. वस्तू चांगली आहे.
बुटाचा फोटो छायाला पाठवला. घाईत ग्रुपवर गेला. लगेच एक हार्ट आलं. उन्मेषचं.
छायाचं अजून आलेलं नाही. फोन हातात धरून बसलोय.