टाका न पडणाऱ्या मशीनविषयी

मी, खाली सही करणारी, वय त्रेचाळीस, अविवाहित, सरकारी मदत कचेरीत घरभेट निरीक्षक, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर "काळजी करू नका" असे तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मी हा कागद पुढ्यात घेतला नसता.

१. वडिलांच्या घरातला माझा अर्धा हिस्सा थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, देते. त्याला कोणतीही अट नाही. हे कलम मुद्दाम पहिले घातले आहे.

२. वहिनीला माझी लोकरीची शाल आणि उंच आरसा. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याच आरशासमोर ती म्हणाली होती, "निरीक्षक कसली, बालवाडीची मास्तरीण दिसतेस." तशीच राहिले असते तर बरे झाले असते.

३. दाराजवळची काळी छत्री शेजारीणबाईंना द्यावी. ती मुळात त्यांचीच आहे, म्हणजे माझ्याकडून त्यांना काहीच मिळत नाही, त्यामुळे त्यांना साक्षीदार होता येते. वकिलांना विचारून घेतले आहे.

४. माझ्या अकरा डायऱ्यांपैकी दहा न वाचता जाळाव्यात. अकरावीचे काय करायचे हे सांगण्यासाठीच बाकीचे सगळे लिहिले आहे.

मंदीत गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या कचेरीने घरोघरी शिध्याची कार्डे दिली. कोण खरा गरजू, हे बघायला मला पाठवत. दादाचे भंगाराचे दुकान आहे आणि मदतीविरुद्धची त्याची पत्रे पेपरात छापून येतात. "धडधाकट माणसाला रांगेत उभे करणे म्हणजे त्याचे हात कापणे" हे वाक्य त्याचेच. तो खोटे लिहितो असे मी म्हणणार नाही. रांगेत लबाड होते. तिघांना मीच पकडले.

गिरणीमागच्या एका खोलीत शिवणकाम करणारी बाई राहते. नवरा गिरणीतून कमी झालेला, पदरी दोन मुली. फॉर्मवर प्रश्न होता : उत्पन्नाचे साधन आहे की नाही? कोपऱ्यात शिलाई मशीन होते.

"ताई, शटल तुटलंय हो त्याचं," ती म्हणाली. "चालवून तरी बघा."

मी चालवून बघितले. त्या दुपारी डायरीत लिहिले, "चाक फिरते, सुई खालीवर होते, टाका पडत नाही." फॉर्मवर लिहिले, "शिलाई मशीन आहे." दोन्ही अक्षरे माझीच. त्या सकाळी दादाचे पत्र साहेबांच्या टेबलावर होते, लाल पेन्सिलने अधोरेखित. मी भ्याले की मला पटले, हे अजून ठरवता आलेले नाही.

तिचे कार्ड बंद झाले. तिने मशीन विकले आणि पुन्हा अर्ज केला. त्यावर शेरा पडला, "चालू साधन मुद्दाम मोडीत काढले." मग मात्र मी साहेबांकडे गेले.

"बाई, फॉर्म तुम्हीच भरलाय ना? मग आता खोटं कोण, तुम्ही की फॉर्म?"

"मी, साहेब."

"हळू बोला. पेपरवाले टपलेलेच आहेत. एक चूक कबूल केली की सगळी कार्डं बंद करा म्हणतील."

हे त्यांचे अगदीच चुकीचे नव्हते. त्या आधारावर मी दोन महिने गप्प बसले.

तिच्या अपिलाची सुनावणी येत्या मंगळवारी आहे. मी माझा लेखी जबाब पाठवला तो परत आला. कागद हजर माणसानेच सादर करायचा असा नियम आहे. मंगळवारी मी जिवंत असले तरी अंथरुणावर असेन.

गेल्या महिन्यात दादाच्या दुकानामागे, तराजूशेजारी, ते मशीन दिसले. लाकडी फळीवर मुलीने सुईने कोरलेले फूल होते. ते मी घरभेटीतही पाहिले होते.

"दादा, हे कुठून आलं?"

"एक बाई वजनावर देऊन गेली."

"चालतं का?"

"चालत असतं तर वजनावर कुणी दिलं असतं, वेडाबाई? शटलच गेलंय. एवढी शिकलीस, अक्कल कुठे गहाण ठेवलीस?"

मी हसले आणि घरी आले. ती बाई कोण, हे त्याला सांगितले नाही. आता सांगते. मला शस्त्रक्रियेसाठी आत नेले की शेजारीणबाईंनी हे पाकीट फोडून त्याच्या हातात द्यावे.

दादा, ती हीच बाई. अकरावी डायरी तुझी. खूण घातलेले पान सुनावणीत वाच, आणि मला जे म्हणालास ते तिथे म्हण. तू मदतीच्या विरुद्ध आहेस हेही खुशाल सांग. तुझ्या शब्दाला वजन येईल. कॉलेजात माझी फी माफ झाली तेव्हा तू गल्लीभर सांगत फिरला होतास. त्या माफीला फुकट म्हणाला नव्हतास. हे टोचून बोलण्यासाठी लिहिलेले नाही. थोडे टोचण्यासाठीही आहे.

घराचा हिस्सा या कामाला बांधता आला असता. वकिलांनी तसे सुचवलेही. पण मी पाच वर्षे लोकांना अटी घालत आले, आणि अटी पाळणारी माणसे कशी दिसतात ते जवळून पाहिले आहे. तू गेला नाहीस तरी घर तुझेच.

साक्षीदार :
शेजारीणबाई, छत्रीच्या मालकीण. (सही)
खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन. (सही) मजकूर वाचायला नको म्हणाले : "जन्मभर पत्रं वाटली, दुसऱ्याचं एकही वाचलं नाही."

ठिकाण : मागची खोली, खिडकीजवळचे टेबल.
वार : गुरुवार, दुपार.
(सही)

ता. क. सुनावणी सकाळी अकराला, दुसरा मजला. मशीन जड आहे, दादा. हातगाडी ने.