एका बहिणीने

११ ऑक्टोबर २०२०
माझा छळ चालला आहे आणि दाद कुठल्याही कोर्टात लागणार नाही! शेजारच्या हेस्टरबाईंचं मेनोनाइट चर्च निर्बंधांमुळे झूमवर भरतं. वाद्यं नाहीत, चार सुरांत मिळून गायचं, ही यांची रीत. झूमवर सगळे म्यूट. त्यामुळे भिंतीतून येतो तो बाईंचा एकटा सूर — पाव गाणं! मूळ चाल काय असेल या विचारात आज पोहे करपले.

१३ जानेवारी २०२१
मला आणि नवऱ्याला, चंद्रहासला, कोविड. दार बंद. रोज दुपारी पायरीवर झाकलेलं सूप. चिठ्ठी नाही. नवरा म्हणतो, "पत्ता चुकला असेल." रोज?

२ मार्च
सूप हेस्टरबाईंचं! दहाही दिवस. आभार मानायला गेले, तर कुंपणावरून वह्याच हातात दिल्या. इथे आयर्लंडात, कॉर्कमधल्या त्यांच्या छोट्या मिशनचा चाळीस वर्षांचा इतिहास. भाड्याचा हॉल ऑगस्टात सोडायचाय, माणसं उरलीत नऊ. "चर्च संपेल गं. काय काय झालं ते तरी राहू दे. टाइप करशील?"

१८ एप्रिल
मेनोनाइट म्हणजे युद्ध नको म्हणणारा ख्रिस्ती पंथ; हा त्यांचा इतिहास. एक लढाई नाही, नुसतं सूप! आणि पानोपानी "एका बहिणीने". एका बहिणीने तुरुंगात भेटी दिल्या. एका बहिणीने आजारी खलाशाला तीन महिने घरी ठेवलं. नावं आहेत ती फक्त गेलेल्यांची.
"ही प्रत्येक ठिकाणची बहीण तुम्हीच ना?"
"हो गं. पण जिवंत माणसाचं नाव आम्ही लिहीत नाही. डोक्यात हवा जाते."
मी रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात, क्वालिटीत. सही-तारीख नाही तर काम झालंच नाही, हे वीस वर्षं लोकांना ऐकवत आलेय. त्यांनाही ऐकवलं.
हसल्या. "मग झालं नाही असं धर."
चिडले. पन्नास वर्षांनी हिला कोण ओळखणार?

६ जून
चंद्रहास: "अगं, घाल ना त्यांचं नाव गुपचूप!"
नाही. दुसऱ्याच्या नोंदीत हात घातला म्हणून मी माणसं घरी पाठवलीत.

२९ ऑगस्ट
हॉलच्या किल्ल्या परत गेल्या. त्याआधी बाईंनी फरशी पुसली म्हणे. या वयात! धाप लागली होती. विचारलं, तर "ग्रँड, ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, मजेत आहे.

१९ नोव्हेंबर
काल हेस्टरबाईंना माती दिली. आज फाइल उघडली. "एका बहिणीने" — एकेचाळीस ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी लिहिलं: हेस्टर क्लेमर यांनी. मग जानेवारी २०२१ खाली बेचाळिसावी नोंद केली, सुपाची. खाली आजची तारीख घातली. माझं नाव नाही.