वाट्याची पात

मंगळवार, संध्याकाळ

वेणी अजून सोडली नाही.

संधिवात झालेल्या बाया माझ्याकडे सल्ल्याला येतात. माझी बोटं बारा वर्षांपासून वाकडी, म्हणून माझं ऐकतात. आज सुमन आली, कापूस वेचणारी. म्हणाली, “यंदा बोंडंच कमी, त्यात माही पात मांगं राह्यते. लाज वाटते, बाई.”

मी नेहमीचं सांगितलं. बाकीच्या आपापली ओळ संपवून समोरून येतील, तुझ्या वाट्याची पात वेचतील, वेचू दे.

“अन् तुमची कोन वेचते?”

वेणी घालणं जमत नाही, हे मी कोणाला सांगितलंय? इतकी वर्षं काय शिकवून राहिले मी? कंगवा तिला दिला. मी पेड धरले, तिनं दुखऱ्या बोटांनी वेणी घातली.

वाकडी आहे. उद्याही तशीच ठेवीन.